पुलावरच का पडतो? सारख्या बंद पडणाऱ्या गेमचा माग

रविवारी सकाळी नऊच्या आत भाच्याचा फोन आला की ओळखायचं, रात्री पुलावर पुन्हा पडला. पडला म्हणजे गेम पडला. दगडी पूल, पलीकडे शहराची वेस, सूर्य मावळतीला आलेला, घोडा पुलाच्या मधोमध, आणि एकदम डेस्कटॉप. ना एरर, ना काही निरोप. समोर फक्त त्याच्या शाळेच्या सहलीचा पांडवलेणीवरचा फोटो.

गेमचं नाव इथे लिहीत नाही. नाव घेतलं की सगळं बोलणं त्या कंपनीवर जातं आणि माझा मुद्दा राहून जातो. जादू, तलवारी, ड्रॅगन, सत्तर-ऐंशी तासांची कथा. पहिला भाग पोरांनी डोक्यावर घेतलेला आणि दुसऱ्याची काही वर्षं वाट पाहिलेली, असा गेम. भाच्याने सुट्टीत शेजारच्या दोन पोरांची गणिताची शिकवणी घेऊन पैसे जमवले आणि आला त्याच दिवशी घेतला. पुढच्या पंधरा दिवसांत चार वेळा काढून पुन्हा टाकला. दर वेळी शंभर जीबीच्या वर डाउनलोड. ताई वैतागली होती, कारण इंदिरानगरच्या त्या घरात वायफाय एकच आणि तिची ऑफिसची मीटिंगही त्याच्यावरच.

मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गेममधलं मामाला काय कळतंय, असं पोरांना वाटतं, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण एखादं मशीन एकाच जागी पुन्हापुन्हा बंद पडत असेल तर काय करायचं, हे माझं रोजचं काम. म्हणून गेलो.

"मामा, गेमच भंगार आहे. तू काही करू शकणार नाहीस. पण ये."

"किती वेळा पडला?"

"सारखा."

"सारखा म्हणजे?"

"अरे सारखा म्हणजे सारखा!"

लाईनवरचा ऑपरेटरही अगदी हेच सांगतो. 'साहेब, सारखी बंद पडते.' मग ब्रेकडाऊन रजिस्टर उघडलं की कळतं, महिन्यात सहा वेळा पडली, त्यातली चार वेळा सेन्सरवर कचरा होता, एकदा हवेचं प्रेशर नव्हतं आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी इमर्जन्सी बटण दाबून विसरलं होतं. बाहेरून सगळं 'लाईन बंद'. आत तीन वेगळे फॉल्ट. त्यामुळे त्या दिवशी मी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. शंभर पानी वही आणायला लावली, तीन रकाने आखले: कधी, कुठे, काय दिसलं. चौथा रकाना 'आधी काय केलं होतं' याचा, तो बहुतेक लोक सोडून देतात आणि उत्तर तिथेच असतं. म्हटलं, आठवडाभर खेळ, काही बदलू नकोस, फक्त लिही.

वहीने काय सांगितलं

आठवड्यात अकरा नोंदी. त्याच्या तोंडी हिशोबाने सगळ्या पुलावरच्या असायला हव्या होत्या. पुलावरच्या निघाल्या पाच. तीन वेळा गेम चालू झाला पण शेवटची सेव्ह गायब किंवा 'खराब'. दोन वेळा अख्खा कॉम्प्युटरच बंद होऊन पुन्हा चालू झाला. आणि एक नोंद अशी: 'नावाडी येत नाही. तीन तास वाट पाहिली. गेममधले तीन दिवस.'

रागावलेल्या माणसाची आठवण सगळं एका खुंटीला टांगते. हे चार वेगवेगळे आजार होते आणि तो सगळ्यांवर एकच औषध देत होता, रिइन्स्टॉल. रिइन्स्टॉल म्हणजे नवस आहे. कधी पावतो, पण का पावला ते कळत नाही, आणि पुढच्या खेपेला परत बोलावा लागतो.

फॉल्ट वेगळे झाले की प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हा दोष कुणाबरोबर फिरतो? मशीनबरोबर, सेव्हबरोबर, की गेममधल्या त्या जागेबरोबर? सेव्हची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवून बघायची. तिथेही तसंच झालं तर तुमचं मशीन निर्दोष. तिथे नीट चाललं तर कंपनीला शिव्या देणं थोडं थांबवायचं. हे एवढं साधं आहे की कुणी करत नाही. भाच्याचा मित्र कॉलेज रोडला राहतो, त्याच्याकडे तोच गेम. पेनड्राइव्ह घेऊन स्कूटीवर गेला. तासाभराने फोन: "मामा, त्याच्याकडे पूल ओलांडला. तीन वेळा." आवाज आनंदी असायला हवा होता, तो पडलेला होता. शिव्या द्यायला हक्काचं माणूस हातातून निसटत होतं ना.

पूल

मग पुलावरच का? हा प्रश्न मला खरंच आवडला, कारण जागा ठरलेली आणि दोष मात्र मशीनचा, हे कोडं वाटतं. ते सोडवलं की मोठ्या गेमची आतली रचना समजते.

एवढं मोठं जग एका वेळी मेमरीत मावत नाही. तुम्ही जिथे आहात तिथलं आणि आसपासचं तेवढं डिस्कवरून उचलायचं, मागे राहिलेलं सोडायचं, असं सतत चालू असतं. जंगलात हे हळूहळू होतं. पूल मात्र मुद्दाम ठेवलेला असतो: अरुंद, लांब, दोन्हीकडे नुसतं पाणी. तुम्ही तो ओलांडेपर्यंत पलीकडचं सगळं शहर, दुकानं, माणसं, त्यांचे आवाज, डिस्कवरून काढून, दाबलेली फाईल उलगडून, रॅममध्ये मांडलं जातं. म्हणजे अख्ख्या गेममध्ये रॅमवर सर्वांत जास्त भार कुठे, तर पुलावर. उलगडताना रॅममधला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी मांडणी कोसळते. रॅमचा कोपरा नासका असेल तर बाकी दिवसभर तो कुणाच्या वाट्याला येत नाही. पुलावर येतो.

संशयाला पहिला पुरावा मिळाला तो स्टीममधल्या, म्हणजे गेम जिथून विकत घेतला त्या ऑनलाइन दुकानाच्या अ‍ॅपमधल्या, फाईल-तपासणीतून. गेमच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाईल्स, आणि तिथे व्हेरिफाय. एक-दोन फाईली नापास होणं साधं असतं, बहुधा सेटिंगच्या असतात. पण भाच्याने ती लागोपाठ तीनदा चालवली: पहिल्यांदा सात नापास, दुसऱ्यांदा तीन, तिसऱ्यांदा अकरा. फाईली डिस्कवर त्याच असताना मोजणी दर वेळी वेगळी येत असेल तर गडबड मोजणाऱ्याची आहे. वजनकाटाच हलतोय. दुसरा पुरावा विंडोजमध्येच असतो. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा तक्ता येतो आणि लाल फुल्या. त्याच्या तक्त्यात गेमबरोबर ब्राउझर पडल्याच्याही फुल्या होत्या, कॉलेजच्या प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर पडल्याची एक होती. त्या त्याने कधी मोजल्याच नव्हत्या, कारण ब्राउझर पडला तर माणूस पुन्हा उघडतो, चिडत नाही.

रॅम तपासायला विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक आहे, पण मी पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवायला सांगितलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. कॅबिनेट उघडलं तर रॅमच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेगाच्या. आधी एक ८ जीबीची होती, गेल्या वर्षी दुकानदाराने दुसरी बसवून दिली आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केलं. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या जाहीर केलेल्या जास्तीच्या वेगाने पळवणं. जोडीची पट्टी असेल तर पळते. इथे एक बैल खिल्लारी आणि एक डांगी, आणि गाडी शर्यतीची. एक्सएमपी बंद केलं, दोन्ही पट्ट्या साध्या वेगावर आल्या. मेमटेस्ट पुन्हा रात्रभर, एकही चूक नाही. त्या संध्याकाळी त्याने पूल अकरा वेळा ओलांडला. गेमचा वेग किंचित उतरला, त्याला तो जाणवलाही नाही.

आता एक सूचना. तुमच्याकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर रॅमच्या आधी तिकडे बघा. त्या प्रोसेसरांना जास्तीचं व्होल्टेज मागण्याचा दोष होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला, त्यामुळे तुमच्या मदरबोर्डचं बायॉस त्यानंतरचं हवं. त्याच सुमारास इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. लक्षण फसवं असतं: 'व्हिडिओ मेमरी संपली' अशी चौकट येते, माणूस ग्राफिक्स कार्डाला दोष देतो, आणि कार्ड धडधाकट असतं. मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं भरून काढत नाही. तेवढ्यासाठी वॉरंटीचा कागद शोधा.

कॉम्प्युटरच बंद होतो

दोन नोंदी अशा होत्या. यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण आपल्याकडे हे घरोघरी आहे. दोन्हींची वेळ वहीत होती, आणि ताईला विचारलं तर दोन्ही वेळा लाइट गेली होती. "पण इन्व्हर्टर आहे ना," भाचा म्हणाला. आहे. पंखा-दिव्यासाठी आहे. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा पुढे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर लाइट गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंत जो क्षणभर मधे जातो तो पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. स्विच यूपीएसवर केला. विंडोजच्या रोजनिशीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच की विंडोज रीतसर बंद न होता गेलं. ती नोंद कारण सांगत नाही. त्या आकड्यावरून लोक पॉवर सप्लाय विकत घेतात, घेऊ नका, आधी स्विच बघा.

लाइट जात नसतानाही असंच होत असेल तर उष्णता. एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि आपण कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबतो, वर ताईने धुळीपासून जपायला म्हणून पडदा शिवलेला. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेले, त्यामुळे धूळ पडद्यातूनही जातेच. कॅबिनेट बाहेर काढा, ब्रश आणि ब्लोअरने साफ करा, पंख्याची पाती बोटाने धरूनच हवा मारा, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं. झालं.

गायब सेव्ह

या तीन नोंदींनी मला सर्वांत जास्त छळलं, कारण तिन्हींचं कारण वेगळं निघालं.

पहिली त्याच लाइट जाण्याची. सेव्ह लिहिली जात असतानाच करंट गेला. फाईल जागेवर होती, तारीख बरोबर, आकार बरोबर, ३८ एमबी. म्हणून तो म्हणत होता की फाईल चांगली आहे, गेमच वाचत नाही. आत बघितलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. विंडोजची फाईल-व्यवस्था फाईलचं नाव आणि आकार यांची नोंद जपते, आतला मजकूर पोहोचला की नाही याची हमी देत नाही. टोकन मिळालं, पण खिडकीवर माल नाही, असला प्रकार. अशी सेव्ह परत येत नाही. नीट लिहिलेला गेम आधी तात्पुरत्या नावाने फाईल लिहितो आणि पूर्ण झाल्यावर जुनीच्या जागी ठेवतो. हा गेम तसं करत नाही, आणि ही चूक मी निःसंकोच त्यांच्या खात्यावर टाकली.

दुसरी भाच्याची स्वतःची. गल्लीत खोदकामात केबल तुटली, दोन दिवस नेट नव्हतं, पठ्ठ्या ऑफलाइन खेळत राहिला. नेट आल्यावर स्टीमने विचारलं: क्लाउडवरची सेव्ह ठेवू की या कॉम्प्युटरवरची? दोन्हींच्या तारखा समोर लिहिलेल्या असतात. याने न वाचता क्लाउड निवडलं, कारण 'क्लाउडवरचं सेफ असतं ना'. नऊ तासांचा खेळ गेला. ती चौकट आली की काहीही दाबू नका. आधी सेव्हचं फोल्डर कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा, मग तारीख वाचा, मग दाबा.

तिसरी मात्र मजेशीर. नवा भाग पडतोय म्हणून चिडून तो मधे त्याच कंपनीचा, पहिल्या भागाच्याही आधीचा एक जुना गेम खेळायला बसला होता. तो चालू व्हायचा, पण सेटिंग राहायचं नाही आणि सेव्ह व्हायची नाही. 'या कंपनीचे सगळेच गेम असले' अशी नोंद त्याने वहीत केली होती. मी सी ड्राइव्हमधलं यूजर्सचं फोल्डर उघडलं. आत त्याच्या नावाचं फोल्डर, ठसठशीत देवनागरीत: पिंट्या. कॉम्प्युटर घेतला तेव्हा ताईने हौसेने मराठीत नाव टाकलं होतं. आता नव्या सॉफ्टवेअरना देवनागरी वाचता येते, पण युनिकोड न जाणणारे जुने गेम त्या वाटेवर अडतात. त्यांना ते नाव प्रश्नचिन्हांची माळ दिसतं, असं फोल्डर सापडत नाही, आणि सेव्ह हवेत जाते. सेटिंगमध्ये जाऊन खात्याचं नाव बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, हे लक्षात ठेवा. सरळ उपाय म्हणजे रोमन अक्षरांत नावाचं दुसरं खातं उघडायचं आणि जुने गेम त्यात खेळायचे. ताईला वाईट वाटलं. "मराठीत नाव ठेवलं म्हणून एवढं?" तिला म्हटलं, चूक तुझी नाही, त्या जुन्या गेमवाल्यांची आहे. मी अजूनही हेच म्हणेन.

जाता जाता, सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये जात असेल आणि वनड्राइव्हने डॉक्युमेंट्सचा बॅकअप चालू ठेवलेला असेल तर तेही तपासा. फुकटची जागा ५ जीबी, मोठ्या गेमच्या सेव्ह ती बघता बघता भरतात आणि नंतर वर काही चढत नाही.

अडखळणं, जे दोष नाही

एक तक्रार वहीत नव्हती, बोलण्यात होती: ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला की दोन दिवस गेम अडखळतो, मग बरा होतो, पुन्हा ड्रायव्हर, पुन्हा तेच. हे शेडरचं आहे. दगड, पाणी, ज्वाळा कशा दिसाव्यात याचे छोटे प्रोग्राम तुमच्याच कार्डासाठी तुमच्याच कॉम्प्युटरवर तयार होऊन साठवले जातात. ड्रायव्हर बदलला की साठा बाद. सुरुवातीला 'शेडर तयार करत आहोत' अशी पट्टी येते ती पूर्ण होऊ द्या, मधे एस्केप मारू नका. आणि कुणीतरी सांगितलं म्हणून शेडरचा साठा रोज पुसू नका. रोज चूल मोडून नवी घालण्यासारखं आहे ते.

शहरात शिरल्यावर गेम जड होतो आणि ग्राफिक्स कमी करूनही फरक पडत नाही, ही वेगळी गोष्ट. मार्च २०२४ मध्ये ड्रॅगन्स डॉग्मा २ आला तेव्हा कॅपकॉमनेच सांगितलं होतं की गेममधल्या प्रत्येक पात्रामागे प्रोसेसरचं बरंच काम खर्च होतं. अशा ठिकाणी सावल्या आणि गवत कमी करून काय होणार? भार प्रोसेसरवर आहे. गर्दीची घनता कमी करायचं सेटिंग असेल तर ते करा, नसेल तर फ्रेम सेकंदाला ३० वर बांधून टाका. एकसारखे तीस हे कधी साठ कधी बावीस यापेक्षा डोळ्याला बरे.

नावाडी

आणि ही शेवटची नोंद. कथा पुढे जायला नदीपलीकडच्या मठात पोहोचायचं, तिथे नेणारा नावाडी पहाटे घाटावर येतो. घाट सुरेख केलाय, पायऱ्या, दीपमाळेसारखे खांब, धुकं. रामकुंडावर पहाटे गेल्यासारखं वाटतं. नावाडी मात्र येत नाही.

पेनड्राइव्ह पुन्हा कॉलेज रोडला. मित्राच्या कॉम्प्युटरवर भाच्याची सेव्ह: नावाडी नाही. मित्राची स्वतःची सेव्ह भाच्याच्या कॉम्प्युटरवर: नावाडी हजर. म्हणजे दोष सेव्हबरोबर फिरतो. मशीन सुटलं. आता हा गेमचा स्वतःचा बग, आणि इथे आपल्या हातात फार थोडं असतं.

कारण शोधायला दोघांनी आपापला खेळ कसा झाला ते वहीत समोरासमोर लिहून काढलं. फरक एकच सापडला. भाच्याने नाक्यावरच्या जकातवाल्याला पाचव्या तासालाच मारलं होतं, कारण त्याने पाच नाणी मागितली. मित्राने नाणी दिली होती. कथेची प्रत्येक कामगिरी ही टप्प्यांची साखळी असते. चौथा टप्पा झाला ही खूण लागल्याशिवाय पाचवा उघडत नाही. नावाड्याला घाटावर बोलावण्याचा टप्पा बहुधा जकातवाल्याच्या तोंडच्या एका वाक्याला टांगलेला. तो मेल्यावर ते वाक्य म्हणणार कोण? 'काहीही करा, कुठेही जा' असं वचन देणाऱ्या गेममध्ये 'काहीही' या शब्दाची किंमत अशी मोजावी लागते. खेळाडू जितका मोकळा, तितक्या वाटा तपासायच्या, आणि तारीख जाहीर झालेली असते.

हे आजचं नाही. १९९६ चा डॅगरफॉल त्याच्या अफाट जगासाठी जितका आठवला जातो तितकाच त्याच्या बगांसाठी. २००६ च्या गॉथिक ३ ला खेळण्याजोगं करायला पुढे चाहत्यांनीच कम्युनिटी पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या फाईली, काढले. त्याच मालिकेतला २००८ चा फोरसेकन गॉड्स आपल्या मुंबईतल्या ट्राइन गेम्सने बनवला होता, त्यालाही बगांवरून बोलणी खावी लागली. नोव्हेंबर २०११ च्या स्कायरिमची प्लेस्टेशन ३ वरची आवृत्ती सेव्ह फुगत गेली की मंदावायची. फरक एवढाच की तेव्हा पॅच मिळवायला आम्ही डिजिट मासिकाच्या सीडीची वाट बघायचो आणि मित्रांत ती सीडी फिरायची. आता पॅच रात्रीत येतो, म्हणून अर्धवट माल बाजारात आणायची भीड चेपली आहे, असं माझं मत. आमच्या कारखान्यातून असा पार्ट गेला तर गिऱ्हाईक अख्खी लॉट परत पाठवेल.

परतीवरून आठवलं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. भाच्याला हे माहीत होतं. पण त्या दोन तासांतला सव्वा तास त्याने नायकाचं नाक कोरण्यात घालवला. तर आधी गावात फिरा, लढून बघा, सेव्ह करून पुन्हा उघडा. नाक नंतर.

अडकलेल्या कामगिरीवर उपाय म्हणजे मागे जाणं, आणि मागे जायला जागा हवी. ऑटोसेव्हवर विसंबणारा माणूस मला न झाकलेल्या दुधासारखा वाटतो. दर मोठ्या गावात शिरण्याआधी हाताने वेगळी सेव्ह, आधीच्या सेव्हवर न लिहिता. रविवारी फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर. मधेच मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली जोडणी, टाकू नका, आणि टाकला असेल तर चालू खेळात काढू नका, त्याच्या अर्धवट दोऱ्या सेव्हमध्ये लोंबत राहतात. मोठी कामगिरी अर्धवट असताना पॅच घेऊ नका. स्टीममध्ये 'गेम उघडेन तेव्हाच अपडेट कर' असं सेटिंग आहे. आणि कंपनीला कळवताना 'गेम भंगार आहे' असं लिहू नका. भाच्याने पहिल्यांदा तेच लिहिलं होतं, वर तीन उद्गारचिन्हं. दुसऱ्यांदा मी वही समोर ठेवून लिहायला लावलं: जकातवाला बोलायच्या आधी मारला, नंतर मठाची कामगिरी घेतली, घाटावर तीन पहाटे थांबलो, नावाडी आला नाही, सोबत दोन सेव्ह, एक मारण्याआधीची आणि एक नंतरची, आणि कॉम्प्युटरची सगळी माहिती देणारी डीएक्सडायगची फाईल. आठ ओळी. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की आम्हालाही तसंच दिसलं.

त्या रात्री तो जेवताना गप्प होता. ताईला वाटलं पुन्हा पडला. मग म्हणाला, "मामा, पहिल्या भागात तो नावाडी गाणं म्हणायचा. यात म्हणतच नाही. तो आला तरी म्हणणार नाही." त्याला मेमटेस्ट नाही. मी भाकरी मोडत राहिलो.

पॅच तीन आठवड्यांनी आला. मी दुसऱ्या पाळीला होतो, रात्री साडेअकराला कंपनीच्या बसमध्ये बसता बसता फोन वाजला.

"मामा, नावाडी आला!"

"अरे वा. गेलास मग पलीकडे?"

"नाही ना. नावाडी आला, नाव नाही आली. घाटावर उभा राहून हवेतच वल्ही मारतोय."

वहीत लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं ते फोटो काढून पाठवलं, सव्विसावी नोंद, आमच्या रजिस्टरच्या भाषेत: 'नावाडी हजर. नाव गैरहजर. आधीची सेव्ह वेगळी ठेवली आहे.'